धाब्यावरचा सुकाणी

आमच्या घरमालकांनी खोल्या दाखवल्या तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नाही, माणसं किती याचाही नाही. आमच्या ह्यांच्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "शिट्टी वाजवता काय?"

ह्यांना वाटलं, चालचलणुकीची चौकशी चालली आहे. "छे छे!" म्हणाले घाईघाईनं.

"मंग ठीक हाये. घरात शिट्टी मारली का वारा पिसाळते. आन् दुसरं. झोपाच्या आधी भांडेकुंडे दोरीनं बांधून ठेवाचे."

"चोरांचं भेव आहे का इकडं?" मी पदराआडून विचारलं.

"चोर कायले येते वं? घर हाललं का भांडे घरंगळत नाई काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. चिखलीसारख्या गावात सपाट मातीच्या छताचं धाब्याचं घर, ते हलणार कशानं? म्हातारा अर्धवट आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण खोल्या कोरड्या होत्या, ह्यांचं जिन, कापसातली सरकी काढायचा कारखाना, जवळ होतं, आणि चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. त्या डोळा मिचकावण्यावर मी घर पसंत केलं.

गाव त्यांना जहाजबुवा म्हणे. मी काकाजी म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला काकी. काकाजी आगबोटीवर सुकाणी होते. सुकाणी म्हणजे जहाजाचं चाक हाती धरणारा, पहाऱ्यावर उभा राहून समुद्राची खबर देणारा माणूस. आता वऱ्हाडातला माणूस समुद्रावर गेलाच कसा, असं कुणीही विचारील. पोरवयात कापसाच्या गाड्यांबरोबर ते मलकापूरला गेले, तिथून गठाणींबरोबर रेल्वेनं मुंबईला गेले, आणि गठाणी बोटीत चढल्या तसे त्यांच्या मागून काकाजीही चढले. एडन, झांझिबार, कोलंबो, रंगून करता करता केस पिकले तेव्हा परत आले. तोवर वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून झाला होता, इकडचा कारभार नागपूरला गेला होता, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा कारभार समुद्रावरच राहिला.

जेवायला बसले की ताटाखाली ओलं फडकं लागायचं, म्हणजे ताट सरकत नाही. चालायचे ते दोन्ही पाय फाकवून. आणि घरातल्या झाडून साऱ्या वस्तूंना गाठी! घागरीला गाठ, कंदिलाला गाठ, वरवंट्यालासुद्धा गाठ. ती सोडवता सोडवता माझी चटणी राहून जायची.

"काकाजी, हा वरवंटा काय पळून जाणार आहे?" मी एकदा चिडून म्हटलं.

"पळत नाई तो. अंगावर येते. मी पाह्यलं हाये."

सकाळी उन्हं वर यायच्या आत आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत ते शिडीनं धाब्यावर चढत. चारी दिशांना तोंड करून, बोट थुंकीनं ओलं करून वारा बघत, आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाळी देत, "वारा पश्चिम! आभाळ साफ! सब ठीक!" जहाजावर पहारेकऱ्याच्या हाळीला जबाब द्यावाच लागतो म्हणे. तो जबाब काकी चुलीपुढून देई, "ऐकलं!" तोवर काकाजी उतरत नसत.

एकदा दोघांचं काहीतरी बिनसलं. काकीनं जबाब दिला नाही. उन्हं डोक्यावर आली तरी काकाजी आपले वरच, हाळीवर हाळी. शेवटी समोरचा वाणी कंटाळून ओरडला, "ऐकलं हो, ऐकलं! या खाली!" त्यावर वरून उत्तर आलं, "तुमी या जहाजावर नाई!" काकी तोंडाला पदर लावून हसत होती. मग मात्र तिला दया आली. "ऐकलं! आता भाकरी निवून राह्यली, उतरा!" तेव्हा स्वारी खाली आली आणि निमूट ओल्या फडक्यावरच्या ताटापुढं बसली.

एवढं आभाळ वाचणारा माणूस म्हटल्यावर शेतकऱ्यांना वाटे, काकाजींना पावसाचं कळत असणार. डोणगावचे एक बडे जमीनदार छकडा जुंपून, आंब्याची पाटी घेऊन आले होते. पाऊस कधी येईल तेवढं सांगा म्हणाले. काकाजींनी आंबे परत केले. "समुद्राचं इचारा, सांगतो. जमिनीचं मले कायी समजत नाई. इथं वाऱ्याच्या मंधात डोंगर येते, झाडं येते, तुमच्यासारखे मानसं येते." जमीनदार तणतणत गेले. काकी आंब्यांसाठी हळहळली. माझ्याही जिभेला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला सांगू?

समुद्राचं मात्र विचारावं आणि ऐकत बसावं. माझं माहेर जळगाव जामोद. पाणी म्हणजे विहीर नाहीतर नदी, एवढंच मला ठाऊक. संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडत मी त्यांना बोलतं करायची. खाली दक्षिणेला पृथ्वीच्या कमरेपाशी वारा कसा मरून जातो, पाण्यावर सुरकुतीसुद्धा नसते, आणि त्या उकाड्यात खलाशी एकमेकांच्या अंगावर कसे धावून जातात. कार्तिकात बंगालच्या समुद्रात चक्री तुफान उठतं, त्याच्या मधोमध एकदम शांत कसं होतं, आणि नवा खलाशी हात जोडून आभार मानू लागतो तेव्हा जुना त्याला म्हणतो, दोरी धर बे, अर्धंच झालं. हे सांगताना काकाजींचे हात आपोआप चाक धरल्यासारखे पुढं येत. मला ते फार आवडायचं.

त्यातलीच एक हकिगत इथं सांगायलाच हवी. त्यांच्या जोडीचा एक सुकाणी होता. पहाऱ्यावर त्याचा डोळा लागला. घंटा झाली तसा तो दचकून उठला आणि न बघताच ओरडला, सब ठीक! कप्तान मागंच उभा होता. त्याच दिवशी त्याला पहाऱ्यावरून काढलं.

"पुन्हा जलमभर त्याच्या हाती चाक नाई देल्लं," काकाजी म्हणाले.

"मग? जहाज आदळलं का कुठं?"

"कायी झालं नाई. समुद्र तेलावानी होता."

"मग गरिबाला काऊन काढलं?"

काकाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच पहाऱ्यावर झोपले होते. "कायी झालं नाई म्हून खबर खरी होत नाई, सूनबाई."

श्रावणी पौर्णिमेला आमच्याकडे राख्या बांधतात. काकाजी त्या दिवशी समुद्राला नारळ देत. चिखलीत समुद्र कुठून आणणार? पण त्यांचं सारं ठरलेलं. जवळची पैनगंगा त्यांना चालत नसे, कारण तिचं पाणी पूर्वेला गोदावरीत आणि पुढं बंगालच्या समुद्रात जातं. "आपला समुद्र पश्चिमेचा," म्हणत, आणि बुलढाण्यावरून घाट उतरून थेट पूर्णेवर जात; ती तापीला मिळून सुरतेकडे जाते. एवढा आटापिटा करून एक नारळ पाण्यात सोडत आणि परत येत. गाव हसे. काकी म्हणे, "हसा बापा, तुमच्या घरचं काय जाते?"

मग ह्यांचं आफ्रिकेचं ठरलं. हे जिनात फिटर. एका शेठजींनी युगांडात कापसाचं जिन काढलं होतं, हंगामाआधी यंत्रं उभी करायला माणूस हवा होता. पगार चांगला होता, आणि ह्यांना जायचंच होतं. आषाढ लागला होता. मला पाचवा महिना चालू होता. आधीचं एक हाती लागलं नव्हतं, आणि सुईण बजावून गेली होती, "हिले घोर लागू देऊ नका. घोर लागला तर हेही नाई राह्यनार." माहेरी आई नव्हती, म्हणून मी चिखलीतच काकीच्या हवाली राहणार होते.

काकाजींनी ऐकलं मात्र, हातातली दोरी खाली ठेवली. "राखी होऊ दे. मंग जा."

"नाही जमत, काकाजी. शेठ थांबत नाही."

काकाजी आणखी काही बोलणार होते. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, माझ्या दिवसांकडे बघून म्हणत असतील. दुसऱ्या दिवशी ह्यांना मोटरीपर्यंत पोचवायला तेच गेले. मोटर सुटेपर्यंत दोघं बाजूला उभे राहून बोलत होते, असं वाण्यानं मागून सांगितलं.

बोट मुंबईहून सुटली त्या दिवसापासून मी शिडीच्या खाली बसू लागले. काकाजी उतरले की पहिला प्रश्न माझा. "कसा आहे समुद्र, काकाजी?"

"तेलावानी. आज तो उडते मासे पाहत असन. पान्यातून निंघते, चमकते, आन् पुन्हा पान्यात जाते. मजा हाये त्याची."

दुसऱ्या दिवशी, "ढग हाये थोडे, ऊन लागत नसन त्याले. बरं हाये." तिसऱ्या दिवशी, "वारा मागून हाये. झोप लागत असन मस्त." रोज काहीतरी छान असायचं. मी ते ऐकून उठायची, दोन भाकरी खायची, आणि पोटावर हात ठेवून आतल्या जिवाला सांगायची, तुझे बाबा मासे बघताहेत.

इकडं पाऊस नुसता कोसळत होता. पश्चिमेचा वारा दारं आपटून जाई. गल्लीत सगळे खूश. पिकं तरारली होती, आणि बाया मला म्हणत, तुझ्या घरधन्याचा पायगुण चांगला. मीही खूश! तो वारा कुठून येतो, वाटेत काय काय उलथून येतो, हे आम्हा धाब्याखालच्या माणसांना कुठं ठाऊक? काकाजी मात्र त्या वाऱ्यात धोतर सावरत धाब्यावर उभे राहत, पश्चिमेकडे तोंड करून, नेहमीपेक्षा फार वेळ. उतरत तेव्हा ओठ काळे पडलेले असत. आणि हाळी? ती बंदच झाली होती. खाली येऊन मला एकटीलाच हळू आवाजात सांगत. वाऱ्यात आवाज पोचत नसेल, असं आम्ही धरून चाललो. ताटाखालचं फडकं ओलं असे, पण ताटातली भाकरी अर्धी राही.

एका सकाळी ते घरात नव्हते. कोनाड्यातला नारळही नव्हता. घाटात मोटरी बंद होत्या, पावसानं वाट धरवत नव्हती, आणि हा गुडघे धरून चालणारा म्हातारा! काकीनं आधी शिव्या घातल्या, मग देव पाण्यात ठेवले. दोन दिवसांनी कुणाच्या तरी बैलगाडीत भिजलेलं गाठोडं होऊन आले. अंगात ताप फणफणत होता. पूर्णेवर गेलो होतो म्हणाले, नारळ द्यायला.

"आत्ता? राखीला महिना आहे अजून!" मी काढ्याचा पेला पुढं करत ओरडलेच. "काकाजी, पंचांग तरी बघायचं!"

"घाई होती," एवढंच म्हणाले.

गल्लीत हसून हसून पुरेवाट. जहाजबुवाले महिना कळेनासा झाला, म्हणत. वाण्यानं तर दुकानात नक्कल करून दाखवली. काकाजींनी ते ऐकलं आणि कूस वळवली.

ताप उतरायच्या आधीच, अंथरुणात पडल्या पडल्या, त्यांनी बोटांवर काही हिशेब केला आणि मला हाक मारली. "सूनबाई, आता बोट पृथ्वीच्या कमरेच्या खाली गेली असन. आता खरंच ठीक हाये."

"खरंच म्हणजे? काल नव्हतं का?"

"ताप हाये मले. बडबडीचं काय धरतं?"

मग मोंबासाहून तार आली, सुखरूप. मी गूळ वाटला. काकाजींनी गुळाचा खडा तोंडात टाकला, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपले ते दुसऱ्या दिवशी उठले. राखी आली, गेली. यंदाचा नारळ देऊन झाला म्हणाले. धाब्यावर ते पुन्हा चढले नाहीत. गुडघे गेले, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही मानलं.

मला मुलगी झाली, चांगली धडधाकट. काकीनं तिला मांडीवर घेतलं, आणि काकाजींनी पाळण्याला अशा गाठी मारल्या की बारशाच्या बाया बघत राहिल्या.

माघात शेठजींच्या घरच्या मंडळींबरोबर मी मुलीला घेऊन निघाले. समुद्र प्रथम पाहिला आणि मला हसूच आलं. सगळं ओळखीचं! तेलासारखं पाणी, मागून येणारा वारा, पाण्यातून निघून चमकून परत पाण्यात जाणारे मासे. काकाजींनी जसं सांगितलं होतं तसं, अगदी तसं. मी मुलीला मासे दाखवले आणि मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

मोंबासाला उतरल्यावर ह्यांना म्हटलं, "किती सुखाचा प्रवास हो! तुमचाही असाच झाला ना?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "कोण म्हणालं?"

मग त्यांनी सांगितलं. मुंबई दिसेनाशी झाली आणि पाणी डेकवरून जाऊ लागलं. दिवसच्या दिवस चूल पेटली नाही. माणसं देवाचं नाव घेत पडून होती. एक पेटी सुटली आणि तिनं एकाचा पाय मोडला. हे वाचले, कारण हे दोरीनं स्वतःला आणि सामानाला बांधून घेऊन झोपत. ते काकाजींनी शिकवलं होतं, मोटरीपाशी. "आपल्याकडे पाऊस आणतो ना, तोच हा वारा," हे म्हणाले. "आषाढात हा समुद्र मिटलेला असतो. श्रावणी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय किनाऱ्यावरची माणसं होडी पाण्यात घालत नाहीत. काकाजींनी सगळं सांगितलं मला, आणि म्हणाले, तू जा, तिचं मी पाह्यतो."

मी तिथंच धक्क्यावर, ट्रंकेवर बसले आणि मुलीला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले. घाट उतरताना चिखलात घसरणारे ते फाकलेले पाय मला दिसत होते. ह्यांना वाटलं, बोट लागली.

काही वर्षांनी आम्ही परत आलो, पौषात. काकाजी ओट्यावर दोरी वळत बसले होते. नजर अजून तेज होती, पण अंग वाळलं होतं. काकीनं मुलीला ओढून नेऊन भाकरी-गूळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट बघत राहिले. उन्हं आली तरी हाळी नाही. शिडी भिंतीला आडवी बांधून ठेवलेली होती, गाठीवर धूळ होती.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "काकाजी, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

हात थांबले. "कोनतं?"

"रोजचं. तेलावानी समुद्र. उडते मासे."

"समुद्र तसाच असते. तू पाह्यला ना जाता-येता? मी फक्त महिना सांगतला नाई."

"आणि हाळी काऊन सोडली? गुडघ्यांचं सांगू नका मला."

आतून काकी ओरडली, "इचार, इचार! माह्याजवळ तोंड उघडत नाई तो मानूस!"

काकाजी दोरीकडे बघत म्हणाले, "खोटी खबर देणाऱ्याले पहाऱ्यावर ठेवत नाई."

"अहो पण हे पोचले. मी पोचले. ही पोरगी उभी आहे तुमच्यासमोर. झालं का काही?"

"कायी झालं नाई म्हून खबर खरी होत नाई."

मला इतका राग आला त्यांचा, आणि इतकी माया आली, की काय करू समजेना. मी पदर खोचला, गाठ सोडली, शिडी लावली आणि चढले वर. गल्लीतली माणसं माना वर करून बघायला लागली. मी गळा ताणून हाळी दिली, "वारा पश्चिम! आभाळ साफ! सब ठीक!"

खालून गर्जना झाली. "पश्चिम? पौषात पश्चिम? डोळे फुटले काय वं तुहे? केसं पाह्य, केसं कुकडं उडून राह्यले!"

"मला नाही कळत! तुम्हीच सांगा!"

काकाजी ओट्यावरून उतरले. भिंतीला धरत अंगणाच्या मध्यावर आले. बोट ओलं करून वर धरलं. "ईशान्य!" ते ओरडले. "वारा ईशान्य! आभाळ साफ!"

आणि थांबले. काकी पिठाच्या हातांनी बाहेर आली. काकाजींनी मान वर केली आणि चारी दिशा बघितल्या, एकेक करून, नीट. मग खाली बघितलं. माझी मुलगी त्यांचं धोतर धरून उभी होती, तोंडाला गूळ लागलेला. तिच्याकडेही त्यांनी तसंच, नीट बघितलं.

"सब ठीक!" आवाज फाटला, पण गल्लीभर गेला.

काकी त्यांच्या खांद्याशीच उभी होती. तरी ती, माणूस धाब्यावर असल्यासारखी, सारा जीव लावून ओरडली, "ऐकलं!"